शिपायांच्या नांवांची यादी

वाचावयाचा भाग : २ शमुवेल २३ : ८-३९ आणि १ शमुवेल ३० : २१-२५



शास्त्रवाचन करितांना नांवांची लांब यादी आली म्हणजे पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढें जातात. अमक्याचा पुत्र तमका, तमक्या गांवचा फलाणा. उच्चार कठीण, गोष्ट कांहीं नाहीं. तेव्हां मंडळीपुढें अडखळण्यापेक्षां पुढचा अध्याय बरा, असें वाटतें. दाविदाच्या शूर वीरांची यादी ह्याच कारणानें आपल्या मंडळ्यांत क्वचित् वाचली जाते. ह्या आठवड्यांत ती सावकाश वाचावी अशी माझी विनंति आहे; कारण शिपायाचे उपकार कसे मानावे हें शिकावयाचें असल्यास ह्याहून चांगला पाठ मला ठाऊक नाहीं.

हा भाग दाविदाच्या शेवटल्या वचनांनंतर लगेच येतो. राजा वृद्ध झाला आहे. अशा समयीं दरबारच्या लेखकानें राजानें किती देश जिंकिले व किती खंडणी आणिली तें लिहावें, अशी आपली अपेक्षा असते. तें येथें नाहीं. येथें माणसांचीं नांवें आहेत. नांवाबरोबर बापाचें नांव किंवा गांवाचें नांव आहे. आणि कित्येकांपुढें त्यांनीं काय केलें तें एकदोन वाक्यांत नेमकें सांगितलें आहे. एलाजार लढून लढून इतका थकला कीं मुठींतली तरवार सुटेना. बनाया बर्फ पडलें असतां खड्ड्यांत उतरला आणि त्यानें सिंह मारिला. यवाब हा सेनापति. त्याची स्वतंत्र नोंद ह्या यादींत नाहीं, परंतु त्याचीं शस्त्रें वाहणारा नहरय बैरोथी ह्याची आहे! लेखकानें हें मुद्दाम केलें किंवा कसें, हें मी सांगूं शकत नाहीं; पण वाचतांना मला त्याचा आनंद होतो.

ह्या सर्वांत शम्मा नांवाचा जो वीर आहे त्याच्यापाशीं आपण थोडें थांबूं. पलिष्टी टोळी करून आले, तेव्हां बाकीचे लोक पळाले. हा एका शेताच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानें तें राखिलें. शेत कसलें, तर मसुरेचें. शास्त्रानें पिकाचें नांव सांगितलें आहे. शहरांतल्या वाचकास त्यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं; परंतु ज्याच्या घरीं रब्बीचें एक पीक गेलें कीं वर्षाची डाळ गेली, त्यास तें समजतें. शम्मा राजवाड्यासाठीं उभा राहिला नाहीं. किल्ल्यासाठीं नाहीं, निशाणासाठींहि नाहीं. कोणा कुणब्याच्या डाळीसाठीं तो उभा राहिला. त्या कुणब्याचें नांव शास्त्रांत आलेलें नाहीं. पण त्या सालीं तो आणि त्याचीं लेंकरें जेवलीं असतील, आणि जेवतांना शम्माचें नांव निघत असेल, असें मला नेहमीं वाटतें.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत येते. कृतज्ञतेला तपशील लागतो. ‘आमच्या जवानांनीं मोठें शौर्य गाजविलें’ असें वर्षांतून दोनदां झेंड्याखालीं म्हणणें सोपें आहे, आणि तें म्हणणारा बहुधा कोणाएकाहि जवानाविषयीं कांहीं जाणत नसतो. नगर जिल्ह्यांतल्या, म्हणजे आतां ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतल्या, निमज गांवचे नामदेव जाधव ह्यांची गोष्ट घ्या. ते मराठा लाइट इन्फंट्रींत होते, आणि कंपनीच्या निरोप्याचें काम करीत. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटली देशांत सेनियो नदी ओलांडतांना त्यांच्या तुकडीवर मशीनगनांचा मारा झाला. कंपनीचा अधिकारी व दोन शिपाई घायाळ झाले. जवळचे बाकीचे मेले. जाधवांनीं एका घायाळास उचलिलें, खोल पाण्यांतून नेलें, पलीकडची उभी दरड चढविली, आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून सुखरूप पोंचविलें. मग परत आले, आणि दुसऱ्यास तसेंच नेलें. ह्यानंतर त्यांनीं एकट्यानें त्या मशीनगनांवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालविणें अशक्य झालें, तेव्हां हातबाँब घेऊन पुढें गेले, आणि शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनीं मागच्या कंपन्यांना नदी ओलांडण्याचा इशारा केला. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें पुष्कळ वर्षें ते जगले, आणि १९८४ सालीं वारले.

मशीनगनवरील हल्ल्याचें वर्णन लोक आवडीनें करितात. मला स्वतःला त्या दुसऱ्या खेपेचें नवल अधिक वाटतें. पहिल्या खेपेला माणूस भरांत असतो. पुढें काय आहे तें त्यास पुरतें ठाऊक नसतें. दुसऱ्या खेपेला पाणी किती खोल आहे हें कळलेलें असतें, दरड कशी आहे हें कळलेलें असतें, सुरुंग कोठें असतील ह्याची धास्ती असते. तरी तो परत जातो, कारण तेथें एक माणूस पडलेला आहे. आपल्या प्रभूनें मेंढपाळाविषयीं जो दृष्टांत सांगितला, त्यांत नव्याण्णव मेंढरें सुखरूप असतांहि शंभराव्याकरितां केलेली खेप ह्याच जातीची आहे.

आतां नांवांकडे वळूं. आपल्या इकडील पुष्कळ गांवांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतींत एक दगडी पाटी बसविलेली आढळते. १९१४ ते १९१९ ह्या काळांतल्या महायुद्धांत ह्या गांवांतून अमुक माणसें गेलीं, त्यांपैकीं अमुक परत आलीं नाहींत, एवढाच मजकूर तिजवर असतो. सातारा जिल्ह्यांतलें आपशिंगें गांव फौजेच्या चाकरीसाठीं इतकें प्रसिद्ध आहे कीं त्याच्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हा शब्दच लागला आहे. त्या युद्धांत तेथले ४६ पुरुष पडले असें सांगतात. आंकडा आहे. कोणाचा पुत्र, कोणाचा भाऊ, तें बहुतेक पाट्यांवर नाहीं.

ह्याहून मोठी पाटी समुद्रापलीकडे आहे. इराकांत, ज्यास त्या वेळीं मेसोपोटेमिया म्हणत, हजारों हिंदी शिपाई मेले. पुण्याच्या नांवाची सहावी डिव्हिजन तेथें होती, आणि तींत मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा येथें ही फौज डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडली. धान्य संपलें. घोडीं व खेंचरें मारून खाण्याची पाळी आली, आणि धर्माच्या निर्बंधामुळें कित्येक हिंदी शिपायांनीं बरेच दिवस तें मांस नाकारिलें व उपास काढिले. ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. पुढें कैदेंत आणि कैदेच्या वाटेवर पुष्कळ लोक मरण पावले. ज्यांच्या थडग्यांचा पत्ता नाहीं अशांसाठीं बसऱ्याजवळ १९२९ सालीं एक स्मारक उघडण्यांत आलें. ४० हजारांहून अधिक मृतांचें तें स्मारक आहे, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी आहेत. इंग्रज शिपायाचें नांव दगडावर कोरलें गेलें. हिंदी अधिकाऱ्याचेंहि कोरलें गेलें. साध्या हिंदी शिपायाच्या वेळीं मात्र पलटणीचें नांव लिहून त्यापुढें फक्त संख्या दिली. १९९७ सालीं तें सगळें स्मारक मूळ जागेवरून हलवून वाळवंटांत नेण्यांत आलें.

त्या काळीं हीच रीत होती, असें म्हणून कोणी समाधान करून घेऊं नये. त्याच्या शंभर वर्षें आधींच्या लढाईचा, म्हणजे ता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा, स्तंभ भीमाकांठच्या कोरेगांवीं आहे, आणि त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतलीं कित्येक ‘नाक’ ह्या महारांच्या नांवाअखेर लागणाऱ्या अक्षरांनीं संपतात. नांव कोरितां येत होतें. पुढें कोणास तें कोरावेंसें वाटलें नाहीं, इतकेंच. ज्या कमिशनकडे ह्या स्मारकांचें काम आहे त्यानें एप्रिल २०२१ मध्यें स्वतः चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. ४५ ते ५४ हजार मृतांचें, मुख्यतः हिंदी, आफ्रिकी व मिसरी लोकांचें, स्मरण इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं. आणि निदान १ लाख १६ हजारांचें नांवानिशीं झालें नाहीं किंवा मुळींच झालें नाहीं, असें त्यांत कबूल केलें, व त्याबद्दल क्षमा मागितली. हें त्यांनीं बरें केलें. आपल्या देशानें ता. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं दिल्लीस राष्ट्रीय युद्धस्मारक उघडिलें, त्यांत १९४७ नंतर पडलेल्या सुमारें २६ हजार शिपायांचीं नांवें दगडावर एकेक करून कोरलीं आहेत. हेंहि बरें झालें. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारितो असें आपण मानितों. मग आपल्या गोतांतल्या मृतांस संख्येनें हांक मारलेली आपणांस रुचूं नये.

दुसरा पाठ सिकलागचा. अमालेकी लोकांनीं तें गांव जाळिलें आणि बायकामुलें धरून नेलीं. दावीद सहाशें माणसें घेऊन पाठलागास निघाला. बसोर ओहोळापाशीं दोनशें माणसें इतकीं थकलीं कीं ओहोळ उतरवेना. तीं सामानाजवळ राहिलीं. चारशें पुढें गेलीं, लढलीं, आणि सर्वांस सोडवून परत आलीं. त्या वेळीं कांहीं दुष्ट लोक म्हणूं लागले कीं मागें राहिलेल्यांस लुटींतला वांटा देऊं नये. त्यांच्या बायका व मुलें द्यावीं आणि त्यांना वाटेस लावावें. दाविदानें तें ऐकिलें नाहीं. लढणारा आणि सामान राखणारा ह्यांचा वांटा सारखा, असा त्यानें नियम केला, आणि तो इस्राएलांत पुढेंहि चालू राहिला.

फौजेबरोबर जाणारे सगळेच बंदूक चालवीत नसतात. पखाली, स्वैंपाकी, डोलीवाले, खेंचरें हांकणारे, झाडूवाले आणि मजूर, ह्यांच्यावांचून एक दिवस लढाई चालत नाहीं. आपल्या मंडळ्यांतल्या कुटुंबांतून अशा कामांवर गेलेले पुष्कळ असतील. माझे पणजोबा असेच मजुरांच्या एका तुकडींत बसऱ्यास गेले होते. त्यांनीं गोळी झाडली नाहीं. बोटींवरचीं पोतीं उतरविलीं आणि रुळांखालीं खडी टाकिली. पहिल्या महायुद्धाचें जें सर्वसाधारण पदक सरकारनें दिलें तें शिपायास चांदीचें मिळालें, आणि अशा मजुरांच्या तुकड्यांना ब्राँझचें, म्हणजे कांशासारख्या धातूचें. चित्र तेंच, फीत तीच, धातु मात्र निराळी. दाविदाचा बसोर ओहोळावरील नियम त्या कचेरींत कोणी वाचला नसावा! आमच्या पणजीनें एका अवर्षणाच्या सालीं तें पदक सोनाराकडे नेलें. शेजारच्या घरचीं चांदीचीं पदकें त्यानें घेतलीं होतीं, आणि तीं मुशींत जाऊन त्यांचे तोडे झाले. पणजीचें त्यानें परत केलें, कारण त्यास कवडी किंमत नव्हती. म्हणून तें आज आमच्या घरीं आहे. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर व नांव ठोकलेलें आहे. आमच्या घरांत त्यांच्या नांवाचें लिखित असें तेवढेंच आहे.

आणि सामानाजवळ राहिलेल्यांत बायका आल्या नाहींत काय? शिपाई पलटणींत गेला म्हणजे नांगर कोणी धरिला? सासूचें दुखणें कोणी काढिलें? मनिऑर्डर आली नाहीं त्या महिन्यांत वाण्याच्या दुकानीं उभें राहून उधार मागण्याची लाज कोणी सोसली? पत्र येई तेव्हां तें वाचून दाखविण्यास दुसऱ्याच्या दारीं जावें लागे, आणि नवऱ्यानें तिच्यासाठीं लिहिलेला शब्द परक्यानें मोठ्यानें वाचलेला ऐकावा लागे. उपदेशकांनो, हीं पत्रें वाचून दाखविण्याचें काम खेड्यापाड्यांत तुमच्या आधींच्या पिढीच्या उपदेशकांनीं व शाळामास्तरांनीं केलेलें आहे. वाईट बातमीचें पत्र हातीं आल्यावर ओळीवर बोट ठेवून ते किती वेळ गप्प राहिले असतील, ह्याचा विचार करा. दाविदाच्या नियमाप्रमाणें त्या स्त्रियांचा वांटा निम्मा नव्हे, सबंध आहे.

आतां यादीच्या शेवटाकडे या. तीन वीरांची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. दावीद अदुल्लामाच्या गुहेंत होता, बेथलेहेमांत पलिष्ट्यांचें ठाणें होतें, आणि त्यास आपल्या गांवच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची तहान लागली. तिघे शत्रूची फळी फोडून गेले आणि तें पाणी घेऊन आले. दावीद तें प्याला नाहीं. आपल्यासाठीं जिवावर उदार झालेल्यांचें तें रक्त आहे असें समजून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतून दिलें. ह्या कृत्याबद्दल दाविदाची थोरवी सर्व गातात, आणि ती खरी आहे. पण त्याच अध्यायाच्या अगदीं शेवटीं, सदतिसांच्या यादींत, अखेरचें नांव कोणाचें आहे तें पाहा. उरीया हित्ती.

हा परदेशी. हित्ती लोकांतला. दाविदाच्या फौजेंत इमानानें चाकरी करणारा. कोश व सोबती रानांत उघड्यावर असतां घरीं जाऊन सुखानें निजणें त्यास प्रशस्त वाटलें नाहीं. एकदां वीरांनीं आणलेलें पाणी पिऊं न शकलेल्या ह्याच राजानें ह्या वीराची बायको घेतली, आणि त्याच्या हातीं त्याच्याच मृत्यूचें पत्र देऊन त्यास लढाईच्या तोंडीं धाडिलें. राजाची अब्रू राखण्यासाठीं हें नांव गाळणें किती सोपें होतें! छत्तीस लिहिले असते तर कोण मोजणार होतें? पवित्र आत्म्यानें तें गाळूं दिलें नाहीं. आणि एवढ्यावर थांबलें नाहीं: मत्तयाच्या शुभवर्तमानांत आपल्या प्रभूच्या वंशावळींत शलमोनाच्या आईचा उल्लेख येतो, तेथेंहि ती उरीयाची बायको म्हणूनच येते. हजार वर्षांनंतर, नव्या कराराच्या पहिल्याच पानावर, देव त्या शिपायाचा हक्क विसरलेला नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या पूर्वजांची चाकरी उरीयासारखीच फेडली गेली. कंपनीच्या मुंबईकडील पलटणींत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते; सुभेदारपदास चढलेले होते. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारनें त्यांची भरती बंद केली. लढाऊ जाति आणि बिनलढाऊ जाति असा एक भेद काढण्यांत आला, आणि बापाच्या कमरेला पट्टा होता त्याच्या मुलास छावणीच्या दारांतून परत पाठविलें. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर ह्यांनीं त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढें शिवराम जानबा कांबळे ह्यांनीं तोच प्रश्न विलायतेपर्यंत नेला. त्यांच्यापाशीं पुरावा कोणता? बापजाद्यांचीं नांवें, पलटणींचे नंबर, लढायांच्या तारखा. ज्यांनीं घरांत हें जपून ठेविलें होतें त्यांसच अर्ज करितां आला. १९१७ सालीं युद्धाची गरज पडली तेव्हां १११ वी महार पलटण उभारली. गरज सरतांच १९२१ सालीं मोडली. ता. १ आक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजहि आहे.

पलटणीनें आणखी एक गोष्ट दिली, ती तरवारीहून मोठी मानावी लागेल. पलटणींत शाळा असे, आणि ज्यांस गांवच्या शाळेच्या पायरीवर उभें राहूं देत नसत त्यांचीं मुलें तेथें शिकत. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेंत शिक्षक होते, आणि त्यांचे पुत्र डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद भूषविलें. आपल्या मंडळ्यांतहि ज्यास ‘पेन्शनर आजोबा’ म्हणत, तो बहुधा पांढरें धोतर नेसणारा, वेळेवर उठणारा, चष्मा लावून शास्त्र वाचणारा, आणि अंगणांत पोरांस पाढे शिकविणारा असा होता. त्या अंगणांतल्या शाळांची नोंद कोणत्याहि खात्याच्या अहवालांत सांपडणार नाहीं.

येथें एक शंका येईल. ख्रिस्ती मनुष्यानें युद्धाचें गुणगान करावें काय? करूं नये. पुष्कळ रक्त सांडल्यामुळें दाविदास मंदिर बांधूं दिलें नाहीं, हें शास्त्र सांगतें. आणि प्रभूनें शत्रूवर प्रीति करण्याची जी आज्ञा दिली ती शांततेच्या दिवसांपुरती दिलेली नाहीं. बसऱ्यास आपले लोक ज्या साम्राज्यासाठीं लढले तें साम्राज्य न्यायाचें होतें असेंहि मी म्हणणार नाहीं. पण योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे शिपाई आले तेव्हां त्यानें त्यांस हांकून दिलें नाहीं. कोणावर जुलूम करूं नका आणि आपल्या पगारांत तृप्त राहा, असें त्यानें सांगितलें. युद्ध ठरविणारा एक असतो आणि खंदकांत उभा राहणारा दुसरा. पहिल्याचा हिशेब देवाकडे आहे. दुसऱ्याचे उपकार आपल्या अंगावर आहेत.

तेव्हां काय करावें? प्रत्येक मंडळींत माजी सैनिक आहेत, किंवा त्यांच्या विधवा आहेत. शिपाई पंधरा-सतरा वर्षें चाकरी करून परत येतो, तेव्हां तो म्हातारा नसतो. चाळिशीच्या आंत-बाहेर असतो, आणि पुण्यामुंबईस कोणाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. २०२२ सालापासून चार वर्षांच्या मुदतीची भरती सुरू झाली आहे, त्यामुळें ह्याहूनहि तरुण माणसें घरीं येतील. ह्यांस मंडळींत काम द्या. रविवारच्या शाळेंत द्या, हिशेबांत द्या. सीमेवर बर्फांत रात्र काढलेल्या माणसास आपण फक्त खुर्च्या मांडण्यास सांगतों, हें मला बरें वाटत नाहीं. आणि तो रात्रीं दचकून उठतो, किंवा मुकाट्यानें बसतो, किंवा दारूकडे वळला आहे, असें कळलें तर उपदेश करण्याआधीं त्याचें ऐका. पुष्कळांनीं जें पाहिलें तें बायकोसहि सांगितलेलें नसतें.

विधवांचें दुःख बहुधा कागदांत असतें. फौजेच्या दफ्तरांत नांव एक, आधारकार्डावर दुसरें. माहेरचें नांव लग्नानंतर बदललें, आडनांवाऐवजीं जात लिहिली गेली, जन्मसाल अंदाजानें घातलें. आणि एका वेलांटीपायीं पेन्शन अडून राहते. ती बाई निरक्षर, मुलगा परगांवीं. येथें तुमच्या लेखणीचें काम आहे. एक दिवस मोडा, तिला बरोबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जा, नवऱ्याचें डिस्चार्ज-बुक आणि पेन्शनचा हुकूम पिशवींत घ्या, आणि तिच्याशेजारीं बांकावर बसा. अशा बाईसाठीं घातलेला असा एक दिवस ध्वजदिनाच्या दहा भाषणांपेक्षां मोलाचा आहे.

आणि नांवें लिहा. मंडळीच्या नोंदवहींत बाप्तिस्म्यांचीं व लग्नांचीं पानें आहेत; तींतच एक पान ह्यासाठीं राखा. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांस विचारा. ट्रंकेंत पदक असेल तर तें विकण्यापूर्वीं त्याची कड कंदिलापुढें किंवा खिडकीपाशीं धरून पाहा. नंबर, नांव व पलटण बहुधा तेथें मिळेल. महायुद्धांत मेलेल्यांच्या याद्या कमिशननें आतां इंटरनेटवर ठेविल्या आहेत. मंडळींतला शाळकरी मुलगा आपल्या फोनवर त्या शोधूं शकेल, मात्र इंग्रज कारकुनानें आपलें नांव कसें लिहिलें असेल ह्याचा विचार करून दोनतीन प्रकारें शोधावें लागेल. जो लढला त्याचें लिहा, ज्यानें खेंचरें हांकिलीं त्याचेंहि लिहा, आणि दोघांच्या बायकांचीं नांवें त्याच ओळींत लिहा. गांव लिहा. काय केलें तें ठाऊक असेल तर एका वाक्यांत लिहा; वाढवूं नका.

डिसेंबरची ७ तारीख हा सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्याच्या जवळच्या रविवारीं भक्तीच्या वेळीं हें पान उभें राहून वाचावें. प्रथम जिवंत असलेल्यांचीं नांवें वाचावीं, म्हणजे त्यांस तीं आपल्या कानांनीं ऐकतां येतील, मग निवर्तलेल्यांचीं. कोणाच्या आजोबांचें नांव कोणासहि आठवत नसेल आणि ते गेले एवढेंच ठाऊक असेल, तर त्यांच्या ठिकाणीं गांवाचें नांव वाचून वाचकानें क्षणभर थांबावें, आणि मग पुढचें नांव वाचावें.